हॉलचा तास कितीला पडतो? मंडळाचे पैसे आणि उपक्रम सांभाळण्याची रीत

इंदुरातील मराठी वस्तीच्या भागांत मंडळांच्या आणि समाजांच्या ज्या वास्तू आहेत, त्यांची रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते. एक मोठा हॉल, बाजूला वाचनालयाची किंवा कार्यालयाची खोली, मागे थोडे मोकळे मैदान आणि फाटकाजवळ चौकीदाराची जागा. पहाटे ज्येष्ठ नागरिकांचा योग, संध्याकाळी मुलांचा मल्लखांब किंवा टेबल टेनिस, त्यानंतर गाण्याचा नाहीतर नृत्याचा वर्ग, आणि लग्नसराईत हॉल भाड्याने. हे सारे चालवणारी कार्यकारिणी पदरमोड करून, नोकरी-व्यवसाय सांभाळून काम करते. तिच्या हेतूंविषयी शंका नसते, तरीही तीन-चार वर्षांत कुठेतरी गाडी अडते: मुदत ठेव मोडून विजेचे बिल भरावे लागते, किंवा चांगला चाललेला वर्ग 'परवडत नाही' म्हणून बंद होतो आणि तो बंद केल्यावर तोटा आणखी वाढतो.

याचे कारण बहुतेक वेळा उधळपट्टी नसते. उपक्रम ठरवणारी मंडळी एक आणि हिशेब लिहिणारा दुसरा, आणि दोघांची गाठ फक्त ऑडिटच्या वेळी पडते, हे खरे कारण आहे. या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. हॉलचा प्रत्येक तास संस्थेला कितीला पडतो आणि त्याचे पैसे कोण भरतो, हे कार्यकारिणीतील प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. तोटा सोसायला हरकत नाही. समाजासाठी काढलेल्या संस्थेने काही तोटे सोसलेच पाहिजेत. मात्र ते ठरवून सोसावेत.

ताबा घेताना

नवी कार्यकारिणी निवडून आली की हार-तुरे झाल्यावर पहिल्या आठवड्यात कागदपत्रांची यादी करून ताबा घ्यावा, आणि त्या यादीवर जुन्या व नव्या दोन्ही सचिवांच्या सह्या असाव्यात. नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर नियमावलीची शिक्का असलेली प्रत, पॅन, आयकर नोंदणीचे आदेश, मालमत्तेची कागदपत्रे, मुदत ठेवींच्या पावत्या, न वापरलेली पावतीपुस्तके, वीज व पाण्याचे ग्राहक क्रमांक, विमा पॉलिसी, आणि आता याला जोडून आयकर पोर्टल, बँक व ई-मेल यांचे पासवर्ड. ई-मेल आणि मोबाईल क्रमांक संस्थेचा स्वतंत्र असावा, कारण पोर्टलवर ज्यांचा क्रमांक आहे ते पदाधिकारी पुण्याला मुलाकडे राहायला गेले की प्रत्येक ओटीपीसाठी फोन करत बसावे लागते.

यानंतर नियमावली शांतपणे वाचावी. आपल्याकडील बहुतेक मंडळे मध्य प्रदेश सोसायटी नोंदणी अधिनियम, १९७३ अन्वये नोंदलेली आहेत. त्यांच्या नियमावलीत बँकेतून पैसे काढण्यासाठी संयुक्त सह्यांची अट असते, आणि दैनंदिन खर्चासाठी कोषाध्यक्षाने जवळ किती रोकड बाळगावी याची मर्यादाही असते. वीस-तीस वर्षांपूर्वी लिहिलेली ती मर्यादा कित्येकदा आज हास्यास्पद वाटावी इतकी लहान असते. ती मोडू नये. आमसभेत ठराव करून रीतसर बदलून घ्यावी. स्थावर मालमत्ता घेणे किंवा देणे या दोन्हींसाठी रजिस्ट्रारची लेखी पूर्वपरवानगी लागते, हेही याच वेळी ध्यानात ठेवावे. एखादे सभासद प्रेमाने शेजारचा भूखंड दान देतो म्हणाले, तरी परवानगी आधी आणि दानपत्र नंतर.

बँकेतील सह्या बदलण्यास वेळ लागतो. त्यासाठी लागणारा ठराव पहिल्याच बैठकीत करून घ्यावा. मंडळाचे इतिवृत्त मराठीत लिहिले जात असेल तर बँकेला आणि रजिस्ट्रार कार्यालयाला द्यायची ठरावाची प्रत हिंदीत तयार करून तीवर अध्यक्ष व सचिवांच्या सह्या घेतल्या की फेऱ्या वाचतात.

पैशाचे कप्पे

मंडळाच्या खात्यात सात लाख रुपये आहेत, या वाक्याला फारसा अर्थ नाही. त्यातले संस्थेला मोकळेपणाने खर्चता येतील असे किती, हा प्रश्न आहे. पैशाचे किमान चार कप्पे करावेत. पहिला कायम निधीचा: आजीव सभासदत्वाची रक्कम आणि दात्याने 'कायम निधीसाठी' असे लिहून दिलेली देणगी. यातले फक्त व्याज खर्चायचे. दुसरा विशिष्ट कारणासाठी मिळालेल्या पैशांचा: छताच्या दुरुस्तीसाठी, वाचनालयासाठी, कुणाच्या आईच्या स्मरणार्थ ठेवलेल्या बक्षिसासाठी. तिसरा दुसऱ्यांचा पैसा, म्हणजे हॉलच्या अनामत रकमा आणि पुढच्या महिन्यांचे आगाऊ आलेले शुल्क. हे उत्पन्न नव्हे, देणे आहे. चौथा कप्पा उरलेल्याचा, आणि चालू खर्च फक्त यातूनच करायचा.

चार बँक खाती उघडण्याची गरज नाही. खतावणीत चार शीर्षके आणि कायम निधीच्या वेगळ्या मुदत ठेवी एवढे पुरते. गोंधळ बहुधा तिसऱ्या कप्प्यात होतो. नोव्हेंबरात लग्नांची अनामत जमा झाली की खाते फुगलेले दिसते, त्या भरात नवी ध्वनियंत्रणा घेतली जाते, आणि जानेवारीत अनामत परत करताना ओढाताण होते. म्हणून अनामतीची स्वतंत्र वही ठेवावी: तारीख, नाव, रक्कम, परत केल्याची तारीख, कापलेली रक्कम व कारण. महिनाअखेरीस या वहीतील शिल्लक आणि खतावणीतील शिल्लक जुळली पाहिजे.

आजीव सभासदांबद्दल थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. चाळीस वर्षांपूर्वी पाचशे-एक रुपये भरून आजीव सभासद झालेल्या मंडळींनी संस्था उभी केली, याबद्दल आदर असावाच. पण त्या पाचशे-एकचे व्याज आज त्यांना पाठवल्या जाणाऱ्या निमंत्रणपत्रिकांनाही पुरत नाही. ज्या मंडळात नव्वद टक्के सभासद आजीव आहेत, त्या मंडळाला वार्षिक वर्गणीचे उत्पन्न जवळजवळ नसते. यावर सक्ती न करता ऐच्छिक 'वार्षिक देखभाल निधी' सुरू करणे हा मला सर्वांत सभ्य मार्ग वाटतो. निधीची यादी फलकावर लावताना रक्कम न लिहिता फक्त नावे लिहावीत. लोक अधिक मोकळेपणाने देतात.

तासाचा भाव काढणे

आता मुख्य काम. एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेले उदाहरण घेऊ. एका मंडळाचा वर्षाचा सामायिक खर्च, म्हणजे कोणताही वर्ग चालो न चालो होणारा खर्च, असा आहे: चौकीदार व सफाई २,६४,००० रुपये, वीज ९६,०००, मालमत्ता कर, पाणी व विमा ३६,०००, किरकोळ दुरुस्ती ६०,०००, हिशेबनीस, ऑडिट व कार्यालयीन खर्च ८४,०००. एकूण ५,४०,००० रुपये.

हॉल सकाळी सहा ते दहा आणि दुपारी चार ते रात्री दहा असा रोज दहा तास, वर्षातून ३०० दिवस उघडा असतो असे धरले तर ३,००० तास होतात, आणि तासाचा भाव १८० रुपये निघतो. हा आकडा फसवा आहे, कारण ३,००० तास हॉल कुणी वापरत नाही. मागच्या वर्षीची हजेरी आणि आरक्षणाची वही समोर ठेवून प्रत्यक्ष वापराचे तास मोजले, ते १,८०० भरले, तर भाव ३०० रुपये. यापैकी ३०० हाच भाव हिशेबात धरावा. १८० आणि ३०० यांतला जो १२० रुपयांचा फरक आहे, ती रिकाम्या हॉलची किंमत आहे, आणि कार्यकारिणीने वर्षभर डोकेफोड करायची ती ही दरी कमी करण्यासाठी.

एक सावधगिरी बाळगावी. हा भाव एप्रिलमध्ये एकदा ठरवावा आणि वर्षभर बदलू नये. वापर कमी झाला म्हणून मध्येच भाव वाढवला, त्यामुळे शुल्क वाढवले, त्यामुळे आणखी चार जण गळाले, मग पुन्हा भाव वाढला, असे चक्र सुरू झाले की वर्ग बंद पडेपर्यंत थांबत नाही.

प्रत्येक उपक्रम दोनदा तपासावा

मुलांचा मल्लखांब वर्ग घेऊ. मल्लखांब हा २०१३ पासून मध्य प्रदेशाचा राज्यक्रीडाप्रकार आहे, आणि आपल्याकडे त्याची परंपरा व्यायामशाळांमधून चालत आली आहे. तेव्हा हा वर्ग मंडळाच्या जिव्हाळ्याचा असणार. आठवड्यातून पाच दिवस रोज एक तास, म्हणजे महिन्याला साधारण २२ तास. हॉलचा भाव ३०० प्रमाणे ६,६०० रुपये, प्रशिक्षकाचे मानधन ९,०००, एरंडेल तेल, गाद्यांची झीज, दोर यांचे ९०० रुपये. एकूण १६,५००. तीस मुले, दरमहा ४०० रुपये, म्हणजे आवक १२,०००. कागदावर महिन्याला ४,५०० रुपये तोटा.

इथे बैठकीत कुणीतरी म्हणते की वर्ग बंद करा. अशा वेळी दुसरी तपासणी करावी: वर्ग बंद केला तर प्रत्यक्षात वाचणार काय? मानधन आणि साहित्य मिळून ९,९०० रुपये वाचतील. चौकीदाराचा पगार, मालमत्ता कर, विमा यांत एक रुपयाही कमी होणार नाही. आणि १२,००० रुपयांची आवक जाईल. म्हणजे तो तास दुसऱ्या कुणी घेतला नाही तर मंडळ महिन्याला २,१०० रुपयांनी आणखी खाली जाईल. हा वर्ग स्वतःचा थेट खर्च भागवून सामायिक खर्चाला २,१०० रुपयांचा हातभार लावतो आहे, हे वाक्य 'वर्ग तोट्यात आहे' या वाक्यापेक्षा जास्त खरे आहे.

आता संध्याकाळी सातचा झुंबा वर्ग पाहा. महिन्याला १२ तास, २५ जण, ८०० रुपये शुल्क, आवक २०,०००. प्रशिक्षकाशी निम्म्या वाट्याचा करार असेल तर मंडळाकडे १०,००० राहतात, त्यातून हॉलचे ३,६०० वजा जाता ६,४०० उरतात. मल्लखांबाचा ४,५०० चा तोटा या वर्गाने भरून निघतो आणि वर १,९०० शिल्लक. जुन्या सभासदांपैकी काहींना हॉलमध्ये झुंब्याचे संगीत वाजलेले रुचत नाही. त्यांच्यासमोर हा हिशेब ठेवला की चर्चेचा सूर बदलतो.

पहाटेचा ज्येष्ठांचा योगवर्ग तिसऱ्या प्रकारचा आहे. साडेसहाचा तास एरवी रिकामाच असतो, चौकीदार जागाच असतो, दिवे फारसे लागत नाहीत. या वर्गावर ३०० रुपये तासाचा भार टाकून शुल्क काढणे तर्कदुष्ट आहे. शिक्षकाचे मानधन निघाले की पुरे, आणि तेही एखाद्या दात्याने वर्षभरासाठी उचलले तर वर्ग विनामूल्य ठेवता येतो.

प्रत्येक उपक्रमासाठी असा एक कागद तयार करावा: तास, थेट खर्च, सामायिक खर्चाचा वाटा, आवक, आणि शेवटी एक ओळ की हा उपक्रम स्वतःच्या पायावर उभा राहावा, थेट खर्चापुरता भागावा, की मंडळाने पूर्ण भार उचलावा. ही शेवटची ओळ कार्यकारिणीच्या ठरावाने लिहिली जावी.

नवा उपक्रम सुरू करताना सभासदांना 'तुम्हाला काय हवे' असे विचारून फारसे हाती लागत नाही. बुद्धिबळाचा वर्ग हवा असे चाळीस जण सांगतात आणि सहा मुले येतात. तीन महिन्यांचे शुल्क आगाऊ घेऊन किमान संख्या भरली तरच वर्ग सुरू करावा. भरली नाही तर आठ दिवसांत पैसे परत. हा नियम जाहिरातीतच छापावा. तीन महिन्यांनी हजेरीपट आणि शुल्काची वही शेजारी-शेजारी ठेवून पाहावी. हजेरीत तेहतीस नावे आणि शुल्क सव्वीसांचे, असा फरक दिसला तर तो प्रामाणिक सवलतीचा आहे की नुसता दुर्लक्षाचा, हे त्याच दिवशी विचारावे. सवलत जरूर द्यावी, पण सवलतीची रक्कम मंडळाच्या निधीतून वर्गाच्या आवकेत जमा करून दाखवावी, आणि कोणाला दिली हे सचिव व कोषाध्यक्ष यांच्यापुरतेच राहावे. मुलाला वर्गात इतरांसमोर शुल्काविषयी कधीही विचारू नये.

वेळापत्रकाचा विचार हिशेबाइतकाच नीट करावा. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे महिने. मुलांचे वर्ग निम्मे होतात, म्हणून प्रशिक्षकाशी त्या दोन महिन्यांचे मानधन आधीच वेगळे ठरवावे. एप्रिलअखेर ते मे हा उन्हाळी शिबिरांचा काळ, आणि वर्षातील सर्वांत मोठी आवक याच सहा आठवड्यांत होते. त्यावर वर्षभराचा खर्च बांधू नये. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते आणि अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या, म्हणजे चित्ररथ, चालतात, त्या दिवशी राजवाडा परिसराच्या आसपासच्या केंद्रांनी वर्ग ठेवूच नयेत, कारण पालकांना मुले घेऊन पोहोचता येत नाही.

हॉल भाड्याने देणे

भाड्याचे उत्पन्न गोड असते आणि म्हणूनच त्याच्याकडे संशयाने पाहावे. एका मुंजीचे किंवा लग्नाचे भाडे १५,००० रुपये आले की कोषाध्यक्षाचा चेहरा खुलतो. त्यातून जादा सफाई, वीज, चौकीदाराचा रात्रभत्ता वजा करावा, आणि त्या दिवशी रद्द झालेल्या वर्गांचे काय, हेही मांडावे. महिन्यातून चार वेळा 'आज वर्ग नाही' असा निरोप गेला की पालक मुलाला दुसरीकडे घालतात. त्या गळतीची नोंद कुठल्याही वहीत होत नाही, म्हणून भाडे नेहमी आहे त्यापेक्षा फायद्याचे दिसते.

उपाय सोपा आहे. तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई आणि उन्हाळ्यातील मुहूर्त लक्षात घेऊन महिन्याला जास्तीत जास्त किती दिवस हॉल भाड्याने द्यायचा हे जूनमध्येच ठरवावे आणि वर्गांच्या वेळापत्रकात ते दिवस आधीच छापावेत. बुडालेल्या तासाची भरपाई त्याच महिन्यात रविवारी द्यावी. भाड्यासाठी वीजमापक वेगळा बसवावा. आलेल्या आकड्याप्रमाणे पैसे घेतले की वाद होत नाही.

भाडेकरारात कचऱ्याचे कलम असू द्यावे. इंदुरात घरोघरी येणारी गाडी वर्गीकरण केलेलाच कचरा घेते, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पत्रावळ्या, पेले, उरलेले अन्न, फुले आणि सजावटीचे प्लास्टिक एकाच ढिगात पडलेले असेल तर तो निस्तरण्याची वेळ चौकीदारावर येते. ओला-सुका वेगळा करून देण्याची जबाबदारी भाडेकरूची, नाहीतर अनामतीतून ठरावीक रक्कम कापली जाईल, असे स्पष्ट लिहावे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हेही करारात असावे. शासन वर्षातून मोजक्या दिवशी, जास्तीत जास्त १५ दिवस, मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. खासगी लग्नाला ती आपोआप लागू होत नाही.

सभासदांच्या नातेवाइकांना सवलत द्यायची का, हा प्रत्येक मंडळातला जुना तंटा आहे. सवलत एकच ठेवावी, सर्व सभासदांना सारखी, वर्षातून एकदा, स्वतःच्या घरच्या कार्यासाठी. अध्यक्षांच्या शब्दावर दर कमी करण्याची प्रथा मात्र पहिल्याच वर्षी मोडावी.

रोजची रोकड

कार्यालयातील टेबलावर काचेखाली लावलेला क्यूआर कोड नीट पाहावा. पैसे पाठवताना फोनवर संस्थेचे नाव उमटते की एखाद्या पदाधिकाऱ्याचे? खासगी खात्यात शुल्क घेऊन महिनाअखेरीस 'एकरकमी' जमा करण्याची सोय कितीही प्रामाणिकपणे केलेली असली तरी ती त्याच दिवशी बंद करावी, कारण उद्या आयकर विभागाने त्या पदाधिकाऱ्याला त्या रकमेविषयी विचारले तर त्याच्याकडे उत्तर नसेल.

पावती क्रमांकित पुस्तकातूनच फाडावी. कोणते पुस्तक कोणाकडे कधी दिले आणि कधी परत आले याची नोंद असावी. चुकलेली पावती फाडून टाकू नये, 'रद्द' असे लिहून दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवाव्यात. रोज संध्याकाळी पैसे मोजून रोकडवहीत आकडा लिहावा. जमलेले रोख पैसे लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पूर्णच्या पूर्ण बँकेत भरावेत आणि खर्चासाठी वेगळे ठरावीक पैसे, समजा ५,००० रुपये, बँकेतून काढून ठेवावेत. आलेल्या शुल्कातून परस्पर प्लंबरचे पैसे दिले की आवकही कमी दिसते आणि खर्चही, आणि मग तासाच्या भावाचा आपला सगळा हिशेब कोलमडतो. पैसे घेणारी, वहीत लिहिणारी आणि बँकेशी ताळा जुळवणारी माणसे शक्यतो वेगळी असावीत. लहान मंडळात तीन माणसे मिळत नाहीत. दोन तरी असावीत.

कराच्या बाबी

इथे सी.ए.चा सल्ला घ्यावाच लागतो, तरी कोणते प्रश्न विचारायचे हे कार्यकारिणीला माहीत हवे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू असून त्यात अशा संस्थांना 'नोंदणीकृत ना-नफा संस्था' असे नाव आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून जुन्या १२एबी (संस्थेच्या करसवलतीसाठीची) आणि ८०जी (दात्याच्या करसवलतीसाठीची) नोंदणीची मुदत कधी संपते हे पहिल्या दिवशी पाहून फलकावर लिहून ठेवावे. करसवलतीसाठी वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च व्हावी लागते. मोठ्या दुरुस्तीसाठी उरलेल्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त साठवायचे असेल तर कारण व मुदत नमूद करून मुदतीत अर्ज भरावा लागतो. एका व्यक्तीला एका दिवशी १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च उद्दिष्टांवरचा मानला जात नाही. दात्याला २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर सवलत मिळत नाही, तेव्हा मोठी देणगी बँकेमार्फतच घ्यावी.

संस्थेचा उद्देश 'सार्वजनिक उपयुक्तता' या गटात मोडत असेल तर व्यापारी स्वरूपाची प्राप्ती एकूण प्राप्तीच्या २० टक्क्यांच्या आत राहावी लागते. हॉलचे कोणते भाडे त्यात धरायचे हे सी.ए.ला लेखी विचारावे. लग्नांचे दिवस मर्यादित ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

जीएसटीच्या बाबतीत सेवांसाठी नोंदणीची वार्षिक उलाढालीची मर्यादा २० लाख रुपये आहे, आणि करमाफ सेवांची आवकही या मोजणीत धरली जाते हे पुष्कळांना ठाऊक नसते. कला, संस्कृती, क्रीडा यांसारख्या कामांसाठीच्या ना-नफा संस्थेने सभासदांकडून घेतलेली, प्रतिसभासद वर्षाला १,००० रुपयांपर्यंतची वर्गणी करमाफ आहे. १२एबी नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेचे क्रीडाप्रशिक्षण करमाफ आहे. मात्र १८ जुलै २०२२ पासून कला आणि संस्कृतीच्या शिकवणीची माफी फक्त वैयक्तिक शिक्षकाला मिळते, संस्थेला नाही. म्हणजे उलाढाल २० लाखांपुढे गेली की मल्लखांबाचा वर्ग आणि कथकचा वर्ग एकाच हॉलमध्ये चालूनही दोघांचा कर वेगळा.

परदेशी गेलेल्या मुलांकडून येणाऱ्या देणग्या हा आपल्याकडे नाजूक विषय आहे. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय देणगी मानली जात नाही. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी, त्याची देणगी परकीय ठरते आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालील, नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय ती स्वीकारता येत नाही. तेव्हा प्रेमाने पैसे पाठवू म्हणणाऱ्याला आधी पारपत्र कोणत्या देशाचे, असे विचारावे लागते. अवघडल्यासारखे होते, पण विचारावे.

शिक्षक आणि मुले

प्रत्येक प्रशिक्षकाशी एक पानी लेखी करार असावा: दिवस, तास, मानधन, रजा, आणि वर्ग सोडताना द्यायची पूर्वसूचना. शुल्क मंडळाच्या खात्यात जमा व्हावे आणि तिथून प्रशिक्षकाला बँकेने द्यावे. उलट क्रमाने कधीच नाही. मानधन वर्षाला ५०,००० रुपयांपुढे जात असेल तर टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कर कापण्याचा, प्रश्न सी.ए.कडे मांडावा. मुलांच्या वर्गाच्या शिक्षकाची पोलीस पडताळणी करून घ्यावी, पालकांना कोणत्याही दिवशी बसून वर्ग पाहता यावा, आणि मल्लखांबासारख्या वर्गात प्रथमोपचाराची पेटी हाताशी व जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक भिंतीवर असावा. यांवर खर्च जवळजवळ नसतो.

गणेशोत्सव आणि इतर कार्यक्रम

उत्सवाच्या वर्गणीचे पावतीपुस्तक वेगळ्या रंगाचे छापावे आणि हिशेब स्वतंत्र शीर्षकाखाली ठेवावा. दहा दिवसांची धामधूम ओसरली की पंधरा दिवसांत जमाखर्च फलकावर लागला पाहिजे. पितृपक्षाच्या पलीकडे गेलेला गणपतीचा हिशेब दिवाळीपर्यंतही पुरा होत नाही असा अनुभव आहे. नाटक बसवायचे तर तालमीला सुरुवात करण्यापूर्वी लेखकाची किंवा हक्कधारकाची लेखी परवानगी घेऊन मानधन पाठवावे आणि ती रक्कम अंदाजपत्रकात धरावी. तिकीट लावले की परवानगीचे महत्त्व अधिकच वाढते, कारण हौशी मंडळींनी विनामूल्य प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला कायद्यात जी मुभा आहे ती तिकीट लावल्यावर राहत नाही.

महिन्याचा कागद आणि वर्षअखेर

दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत कोषाध्यक्षाने कार्यकारिणीसमोर एकच पान ठेवावे. त्यावर चार कप्प्यांतील शिल्लक, प्रत्येक उपक्रमाची हजेरी, थेट खर्च आणि आवक, हॉलचे वापरलेले तास व वर्षासाठी ठरवलेले तास, आणि येत्या तीन महिन्यांत येणारी मोठी देणी असावीत. बैठकीत हे पान वाचून झाल्याशिवाय नव्या कार्यक्रमाचा विषय घेऊ नये. सहा महिन्यांच्या सामायिक खर्चाइतकी रक्कम, आपल्या उदाहरणात २,७०,००० रुपये, राखीव म्हणून जमवण्याचे लक्ष्य धरावे आणि ती वापरायची झाल्यास ठराव लागेल असे ठरवून घ्यावे.

मार्चअखेर वह्या बंद करून ऑडिट उन्हाळ्यातच उरकावे. आमसभेत ताळेबंदाबरोबर उपक्रमांचे ते कागद वाटावेत. लोक ताळेबंदावर नजर टाकून पान उलटतात, पण आपल्या नातवाच्या वर्गाला मंडळ महिन्याला किती घालते हे मात्र लक्षपूर्वक वाचतात, आणि देखभाल निधीचे अर्ज त्याच सभेत भरून मिळतात. सभा झाल्यावर ४५ दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी, आणि तिच्यासोबत लेखापरीक्षित हिशेब, अधिनियमाच्या कलम २७ व २८ अन्वये फर्म्स व संस्था रजिस्ट्रारकडे सादर करून पोच घ्यावी. ती पोच ताब्याच्या यादीच्या फाईलमध्ये लावावी, म्हणजे पुढच्या सचिवाला ती मागत फिरावे लागणार नाही.